खड्डा नगरपरिषदेच्या फाइलीत कसा घालावा

नोकरीतली बहुतेक वर्षं मी एका 'क' वर्ग नगरपरिषदेत काढली. आधी आवक-जावक टेबलावर, नंतर निवृत्तीपर्यंत बांधकाम विभागाचा लिपिक. गाव वारीच्या वाटेवरचं, वस्ती तिसेक हजार. दारातल्या खड्ड्यासाठी भांडायला येणारी माणसं मी रोज पाहिली. "टॅक्स कशाचा घेता?" इथपासून सुरुवात व्हायची, आवाज चढायचा, शेवटी माणूस तावातावानं निघून जायचा आणि खड्डा होता तिथेच राहायचा. दुसरा एखादा मात्र यायचा, दोन प्रतीत अर्ज टेबलावर ठेवायचा, शिक्का मारून घ्यायचा, आठ-दहा दिवसांनी परत यायचा आणि विचारायचा, "भाऊसाहेब, अर्ज कुणाच्या टेबलावर आहे?" त्याचं काम व्हायचं. तो कुणाचा नातेवाईक नसायचा, त्यानं कुणाला चहाही पाजलेला नसायचा. त्याचा अर्ज फाइलीत बसण्यासारखा असायचा, एवढंच.

आता निवृत्त आहे, तेव्हा टेबलाच्या आतल्या बाजूनं हे सगळं कसं दिसतं ते सांगतो.

पहिलं काम अर्ज लिहिण्याचं नाही. रस्ता कुणाचा आहे, हे आधी शोधा. गावातला प्रत्येक रस्ता नगरपरिषदेचा नसतो, आणि जो रस्ता आपला नाही त्यावर मुख्याधिकाऱ्यांना रुपयाही खर्च करता येत नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि तो वसुलीपर्यंत जातो. तालुक्याला जाणारा मुख्य रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो. शेजारच्या खेड्याकडे जाणारा, हद्दीबाहेरचा रस्ता जिल्हा परिषदेचा. आतल्या गल्ल्या, पेठा आणि विकास योजनेतले म्हणजे डी.पी. रस्ते नगरपरिषदेचे. मोठ्या रस्त्यावर कडेचा किलोमीटरचा दगड बघितला तरी अंदाज येतो. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

खरी गोची बाह्यवळण रस्त्यानंतर होते. गावाबाहेरून नवा रस्ता झाला की गावातला जुना रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाला नकोसा होतो. तो नगरपरिषदेकडे वर्ग करायचा म्हणून पत्रं सुरू होतात. नगरपरिषद म्हणते, आधी एकदा नीट करून द्या, मग घेतो. बांधकाम विभाग म्हणतो, आहे तसा घ्या. हा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालतो आणि तोवर रस्ता निराधार. अशा रस्त्याचा अर्ज एका कार्यालयात दिलात तर 'सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' एवढं एक ओळीचं उत्तर मिळणार. म्हणून एकच अर्ज दोन्ही कार्यालयांना उद्देशून लिहा, दोन्हीकडे आवक करा आणि शेवटी हे वाक्य घाला: 'सदर रस्ता आपल्या ताब्यात नसल्यास तो कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, हे हस्तांतरण पत्राच्या प्रतीसह लेखी कळवावे.' हस्तांतरण पत्राची प्रत मागितली की दोघांनाही कपाट उघडावं लागतं.

दुसरी गोची कॉलनीवाल्यांची. बिगरशेती करून प्लॉट पाडले, घरं झाली, दहा-पंधरा वर्षं गेली, पण ले-आउटमधले रस्ते आणि मोकळी जागा विकासकानं नगरपरिषदेच्या नावावर करूनच दिलेली नसते. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर अजून मूळ मालकच. माणसं घरपट्टी भरतात, त्यामुळे रस्ता आपोआप नगरपरिषदेचा झाला असं समजतात. तसं नसतं. तुमच्या कॉलनीचा रस्ता वर्षानुवर्षं होत नसेल, तर खड्ड्याचे अर्ज थांबवा आणि आधी नगररचना विभागात जाऊन मंजूर ले-आउटची प्रत आणि रस्ते हस्तांतरित झाल्याचा कागद मागा. कागद नसेल तर सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून विकासकाच्या मागे लागून तो करून घ्यायचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण याच्याशिवाय त्या रस्त्यावर खडीची पाटी पडणार नाही.

आता अर्ज.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं करा. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाप्रमाणे कार्यालय चालवण्याची जबाबदारी त्यांची. नगराध्यक्ष आणि तुमच्या प्रभागाचे नगरसेवक यांना प्रत द्या, पण मूळ अर्ज मुख्याधिकाऱ्यांचाच. एका अर्जात एकच विषय. गटार, दिवा, कुत्री आणि खड्डा एकाच कागदावर लिहिलंत तर तो कागद चार विभागांत फिरतो आणि प्रत्येक जण आपला विषय सोडून बाकीचे दुसऱ्याचे आहेत असा शेरा मारतो. मी स्वतः असे अर्ज पाहिलेत, ज्यांच्या मागच्या बाजूला शेऱ्यांची रांग लागलेली, काम मात्र शून्य.

ठिकाण नीट लिहा. 'मारुती मंदिराजवळ' लिहू नका, कारण गावात मारुतीची मंदिरं चार असतात. विजेच्या खांबावर रंगानं लिहिलेला क्रमांक असतो, तो द्या. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली टेपनं मोजून लिहा. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण छापणारं कॅमेऱ्याचं ॲप असतं, त्यावर दोन फोटो काढा: एक जवळून, एक लांबून, ज्यात ओळखू येईल असं दुकान किंवा घर दिसेल. ही मापं तुम्ही दिलीत की कनिष्ठ अभियंत्याचं अर्धं काम झालेलं असतं. छोट्या नगरपरिषदेत बांधकाम, पाणी, नगररचना मिळून एक-दोनच अभियंते असतात. ज्या अर्जात मापं आहेत तो आधी हातात घेतला जातो, कारण त्याचं टिपण लवकर लिहून होतं.

नमुना असा:

'प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद. विषय: प्रभाग क्र. ४, शुक्रवार पेठ, विद्युत खांब क्र. अमुक ते तमुक दरम्यान रस्त्यातील खड्डे दुरुस्त करणेबाबत. महोदय, वरील ठिकाणी डांबरी रस्त्यावर तीन खड्डे असून सर्वांत मोठ्या खड्ड्याचे माप १.८ मी. × १.२ मी., खोली सुमारे १५ सें.मी. आहे. शेजारी प्राथमिक शाळा असून खड्ड्यात पाणी साचते. तरी सदर खड्ड्यांची वार्षिक देखभाल-दुरुस्तीच्या कामातून दुरुस्ती व्हावी. केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी मिळावी, ही विनंती. सोबत: छायाचित्रे २.'

यातले 'वार्षिक देखभाल-दुरुस्तीच्या कामातून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बहुतेक माणसं खड्ड्याच्या अर्जात 'रस्ता नवीन करून मिळावा' असं लिहितात. मोठं मागितलं तर निदान छोटं तरी मिळेल, हा बाजारातला हिशेब. कार्यालयात तो उलटा पडतो. नवीन रस्ता म्हणजे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश. त्याला निधी लागतो आणि निधी नसतो. मग तुमच्या अर्जाला उत्तर जातं, 'निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल.' हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की झोपेतही होईल. ते उत्तर गेलं की अर्ज निकाली, फाइल बंद. याउलट खड्डे बुजवायला नगरपरिषदेकडे बहुधा वर्षाचा ठेका किंवा दरकरार असतो. त्यात मुकादमाला सांगायचं, गाडी पाठवायची, संपलं. म्हणून दुरुस्ती मागायची असेल तेव्हा दुरुस्तीच मागा. नव्या रस्त्याची मागणी वेगळ्या कागदावर, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या माणसाकडे.

तो वेगळा माणूस म्हणजे नगरसेवक. मधली तीन-चार वर्षं राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते, तेव्हा हा रस्ताच बंद होता. सगळं मुख्याधिकाऱ्यांच्या सहीवर. निवडून आलेलं सभागृह असेल तर नव्या कामाची मागणी नगरसेवकाकडून विषयपत्रिकेवर आणायची. ठराव झाला म्हणजे काम झालं नव्हे, पण ठराव नसेल तर काम होतच नाही.

शिक्का विसरू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. टेबलावरचा माणूस म्हणेल, "ठेवून जा काका, टाकतो नंतर." तिथेच उभं राहायचं. "असू द्या साहेब, थांबतो मी," एवढंच म्हणायचं. नगरसेवकाला पाठवलेला व्हॉट्सॲप, गावाच्या ग्रुपवर टाकलेला फोटो, मुख्याधिकाऱ्यांना केलेला फोन यातलं काहीच आवक नोंदवहीत येत नाही, आणि जे नोंदवहीत नाही ते सरकारी भाषेत घडलेलंच नाही. 'आपले सरकार' संकेतस्थळावर तक्रार केलीत तर तिचा क्रमांक मिळतो, तोही चालतो. पण छोट्या गावात मला अजून कागदच जास्त भरवशाचा वाटतो.

जाण्याआधी एक गोष्ट, स्पष्टच सांगतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी भरून जा. अर्ज द्यायला थकबाकी आडवी येते असा काही नियम नाही, पण नाव वाचलं की बाजूच्या टेबलावरचा वसुली लिपिक मान वर करून बघतोच. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, ती वेगळीच. पावती खिशात असली की तुमचा आवाज आपोआप सरळ लागतो.

पैशाचं गणितही थोडं समजून घ्या, म्हणजे कुठली मागणी कुठे टिकते ते कळेल. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, आठवडी बाजाराची फी हा नगरपरिषदेचा स्वतःचा पैसा. त्यातून पगाराचा आपला हिस्सा, वीजबिल, दुरुस्ती निघते. नवे रस्ते बहुतेक सरकारच्या अनुदानातून होतात: नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, वस्ती सुधार योजना. प्रत्येक पैशाला दोरी बांधलेली असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात आमच्यासारख्या छोट्या गावांच्या वाट्यापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती. खात्यात पैसे दिसत असून रस्त्याला का देत नाही म्हणून लोक चिडायचे. देता येत नव्हते, म्हणून. तुमची वस्ती ज्या योजनेत बसते तिचं नाव अर्जात घातलंत, तर लिपिकाला तुमच्या कामाला शीर्ष, म्हणजे खर्च कुठल्या खात्यातून टाकायचा ते, शोधावं लागत नाही. अर्थसंकल्पाची जुळवाजुळव जानेवारी-फेब्रुवारीत चालते. नव्या कामाची मागणी दिवाळीच्या आसपास कागदावर आलेली असावी.

आणि मोसम. जुलैत डांबर मागू नका. ओल्या खड्ड्यात डांबर धरत नाही, पहिल्या एस.टी.च्या चाकाखाली पापुद्र्यासारखं निघून येतं. पाऊस सुरू झाला की डांबराचे प्लांटही बंद होतात. पावसाळ्यात मागायचं ते मुरूम-खडी दाबून भरणं, पेव्हर ब्लॉक बसवणं किंवा पिशवीतून येणारं थंड मिश्रण. तेही तात्पुरतंच, पण गाडी पडणार नाही इतकं होतं. डांबराचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला किंवा गणपती उठल्यावर लगेच द्या, म्हणजे दसरा-दिवाळीच्या उघडिपीत नंबर लागतो. आमच्या गावात तिसरा मोसमही आहे: पालखी. ज्येष्ठ लागला की जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठका सुरू होतात आणि पालखी मार्गावरचा खड्डा न् खड्डा भरला जातो. मुक्कामाच्या जागेपर्यंतच्या गल्ल्याही त्यात येतात. आमच्याकडचे हुशार लोक अर्जात 'सदर रस्ता दिंड्यांच्या मुक्कामाच्या मार्गावर आहे' अशी ओळ घालतात, आणि खोटंही नसतं ते. तुमच्या गावात जत्रा असेल, उरूस असेल, तर ही ओळ तुम्हालाही उपयोगी पडेल. मार्च मात्र टाळा. मार्चअखेर सगळं कार्यालय बिलांच्या मागे असतं आणि त्या घाईत झालेलं काम जूनपर्यंत टिकलं तर नशीब. आचारसंहिता लागली असेल तर नवे कार्यारंभ आदेश निघत नाहीत. चालू दुरुस्तीला मात्र ती आडवी येत नाही, ती सबब ऐकून घेऊ नका.

गाडी आली की घरातून बाहेर या. हा भाग लोक सोडतात आणि नंतर 'आठ दिवसांत उखडलं' म्हणून ओरडतात. चांगला पॅच कसा करतात ते बघायला अभियंता असावं लागत नाही. दातांचा डॉक्टर भरण्याआधी कीड कोरून काढतो, तसंच इथेही आहे. आधी खड्ड्याच्या कडा चौकोनात कापायच्या, म्हणजे सुटलेली, लूज झालेली खडी निघून खाली घट्ट थर लागला पाहिजे आणि कडा उभ्या झाल्या पाहिजेत. मग आतली माती, चिखल, पाणी झाडून काढायचं. ब्रश मारताना धूळ उडायची थांबली की समजा साफ झालं. त्यावर आणि उभ्या कडांवरही पातळ डांबराचा हात, त्याला कामावर टॅक कोट म्हणतात. खड्डा खोल असेल तर खडी एकदम न ओतता थराथरानं भरून प्रत्येक थर दाबायचा. वरचं मिश्रण गरम असलं पाहिजे. ताडपत्री काढली की वाफ दिसते आणि खडीचा प्रत्येक दाणा काळा चकचकीत दिसतो. करडी, कोरडी खडी दिसली तर डांबर कमी आहे. शेवटी रोलर. छोट्या खड्ड्याला मोठा रोलर येत नाही, तेव्हा हातानं चालवायचा लहान रोलर किंवा धुम्मस चालते. पण नुसतं फावड्याच्या पाठीनं थोपटलं तर ते काम नव्हे. दाबल्यावर पॅच रस्त्यापेक्षा किंचित वर राहिला पाहिजे, वाहनांनी तो बसतो. आधीच खोल राहिला तर पाणी साचणार आणि पुढच्या पावसात तोच खड्डा.

मुकादमाशी भांडू नका. तो रोजावरचा माणूस आहे. "अण्णा, कडा जरा कापून घ्या की, पाणी घेऊन आलो तुम्हाला," असं म्हटलं की कडा कापल्या जातात. तरी नाही ऐकलं तर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी कनिष्ठ अभियंत्याला लेखी द्या. बिल निघण्याआधी कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते. त्या नोंदीआधी तुमचा कागद पोचला, तर सही करणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो. बिल निघाल्यावर तोच कागद रद्दी.

सिमेंटच्या रस्त्याचं वेगळं. तिथे बघायचं ते पाणी. गोणपाट टाकून किंवा आळी करून चौदा दिवस तरी रस्ता ओला राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पांढरा, कोरडा दिसला की पुढच्या वर्षी वरचा थर पावडरीसारखा उडणार. ठरावीक अंतरावर आडवे सांधे कापलेले हवेत. नसतील तर रस्ता स्वतःच्या मर्जीनं तडकतो. आणि सिमेंटचा थर जुन्या रस्त्यावरच चढवत असतील तर आपल्या उंबऱ्याची उंची बघून ठेवा. आमच्या गावात थरावर थर चढून कित्येक जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली आणि पावसाचं पाणी गटारात जायच्या ऐवजी माजघरात यायला लागलं. आधी जुना थर खरवडून मग नवा टाका, ही मागणी काम सुरू होण्याआधीच लेखी करायची असते. काँक्रीट पडल्यावर तिचा काही उपयोग नाही.

आता माझ्या मते सगळ्यांत मोठा हुकमाचा पत्ता, जो फार थोडे लोक वापरतात: दोषदायित्व कालावधी. नवा रस्ता झाला की ठरावीक काळ त्याची दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते. किती काळ, ते निविदेत आणि कार्यारंभ आदेशात लिहिलेलं असतं. तोवर त्याची सुरक्षा अनामत नगरपरिषदेकडे अडकलेली असते. म्हणजे या रस्त्याच्या खड्ड्याला 'निधी नाही' हे उत्तर लागूच होत नाही. पण कालावधी कधी संपतो याकडे कार्यालयात कुणाचं लक्ष नसतं. ठेकेदाराचं मात्र बरोबर असतं. मुदत संपली की अनामत परत घेण्याचा त्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी टेबलावर येतो. मी तो घेतलेला आहे, म्हणून सांगतो. तेव्हा तुमच्या गल्लीचा रस्ता झाला की कामाच्या फलकाचा फोटो काढून ठेवा. त्यावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि मुदत असते. फलक नसेल तर माहिती अधिकारात कार्यारंभ आदेशाची प्रत घ्या. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी रस्त्यावरून एक फेरी मारा, जेवढं उखडलंय तेवढं मोजा आणि अर्ज द्या: 'सदर काम दोषदायित्व कालावधीत असल्याने दुरुस्ती ठेकेदाराकडून करून घ्यावी व तोपर्यंत सुरक्षा अनामत परत करू नये.' या अर्जाकडे दुर्लक्ष करून अनामत सोडली तर ते सही करणाऱ्याच्या अंगाशी येतं. त्यामुळे दुर्लक्ष होत नाही.

खड्ड्यात पडून कुणाला दुखापत झाली असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. तो नगरपरिषदांनाही लागू आहे. दवाखान्याचे कागद, पोलिसांतली नोंद आणि खड्ड्याचे फोटो त्याच दिवशी जमवा, कारण अपघात झालेला खड्डा रातोरात बुजतो.

पाण्याच्या तक्रारीत अर्जाआधी व्हॉल्व्हमनला गाठा. गावातल्या जमिनीखालचा नकाशा कार्यालयात असेल-नसेल, त्याच्या डोक्यात पक्का असतो. पाणी कमी दाबानं येत असेल तर आधी शेजारच्या चार घरांत विचारा. सगळ्यांना कमी असेल तर व्हॉल्व्ह अर्धा उघडलाय किंवा लाइन फुटलीय. तुम्हाला एकट्यालाच कमी असेल तर तुमची जोडणी गंजलीय किंवा वरच्या बाजूला कुणी थेट लाइनवर मोटार लावलीय. उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर एकच जागा कायम ओली दिसली तर ती गळती समजा आणि खांब क्रमांकासह कळवा. गढूळ किंवा वास येणारं पाणी आलं तर मात्र अर्ज लिहीत बसू नका. जोडणी गटारातून गेली असेल आणि लाइन रिकामी असताना गटाराचं पाणी आत ओढलं गेलं असेल. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे सर्रास होतं. सरळ पाणीपुरवठा विभागात जा, बाटलीत नमुना घेऊन जा, आणि नळाच्या टोकाला क्लोरीन तपासायला लावा. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक निघालं पाहिजे. काहीच निघालं नाही तर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा असं लेखी द्या. तोवर पाणी उकळून प्या.

नव्या नळजोडणीसाठी रस्ता खोदायचा असेल तर खोदाईचे पैसे नगरपरिषदेत भरून पावती घ्या. प्लंबर म्हणेल, "रात्रीत उरकून टाकू." रात्रीत खोदलेला चर नीट दाबला जात नाही, आणि गल्लीतला पहिला खड्डा तुमच्याच दारात होतो. पावती असेल तर तो चर बुजवून देणं नगरपरिषदेवर येतं.

दिव्याचं सोपं आहे. दिवा नगरपरिषदेचा, खांब आणि तारा बहुधा महावितरणच्या. दिवा बंद असेल तर विद्युत विभागात खांब क्रमांक द्या. तार लोंबत असेल, ठिणग्या पडत असतील, खांबाला करंट येत असेल तर लगेच १९१२ ला फोन, नगरपरिषदेची वाट बघायची नाही.

एवढं करूनही हललं नाही तर? महिन्याभरानं स्मरणपत्र द्या. त्यात आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख लिहा. त्यानंतर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'रस्ता का केला नाही?' असं विचारू नका. 'का'ला माहिती म्हणत नाहीत, असं उत्तर येतं आणि ते नियमात बसतं. कागद मागा: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या टिपणीची प्रत, या रस्त्याच्या शेवटच्या कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीची प्रत, चाचणी अहवालाची प्रत. पानाला दोन रुपये पडतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील, तेही तीस दिवसांच्या आत. दुसऱ्या अपिलाला राज्य माहिती आयोगाकडे जाता येतं, पण तिथली रांग लांब आहे. पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच बरंच काम होतं, कारण तिथे अभियंता, लिपिक आणि अधिकारी एका टेबलाला बसलेले असतात आणि फाइल उघडी असते. सुनावणीला स्वतः जा आणि फाइल समोर ठेवायला सांगा. माझ्या टेबलावरून सुनावणीला जाणाऱ्या फाइलींमधली कित्येक कामं सुनावणीच्या आदल्या आठवड्यातच मार्गी लागायची.

दुसरी वाट जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाची, महिन्याचा पहिला सोमवार. अर्ज ठरावीक नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तक्रार वैयक्तिक लागते, म्हणून पन्नास सह्यांचं निवेदन तिथे नेऊ नका. ज्याच्या घरात पाणी शिरतं, त्या एकानं आपल्या नावानं अर्ज करावा आणि सोबत नगरपरिषदेला दिलेल्या सगळ्या अर्जांच्या शिक्क्याच्या प्रती जोडाव्यात. पन्नास सह्यांचं निवेदन वेगळं, ते सभागृहासाठी ठेवा.